सक्रियण ऊर्जा ६८५ ज्यूल कशी येईल?

प्रश्न : सर, मी अंबाजोगाईला बी.एस्सी. करते. थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या प्रयोगात कागदावरची फुली दिसेनाशी व्हायला ३० अंशांना ४८ सेकंद, ४० ला २७ आणि ५० ला १६ सेकंद लागले. त्यावरून सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) ६८५ ज्यूल प्रति मोल आली, मैत्रिणीची ४५ किलोज्यूल. वेळा दोघींच्या सारख्याच. शिवाय वेगस्थिरांक (त्या तापमानाला अभिक्रियेचा वेग ठरवणारा आकडा) न काढता नुसती वेळ मोजली, हे चालतं का?

उत्तर : मैत्रिणीचं बरोबर आहे बेटा. तुझ्या वेळाही चांगल्या आहेत, फक्त वेग आणि तापमान जोडणाऱ्या, स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियसच्या समीकरणातल्या १/T मध्ये तू सेल्सिअस घातलंस; T म्हणजे केल्विनमधलं तापमान. ३०३ आणि ३२३ केल्विन घालून बघ. ४८ भागिले १६ म्हणजे ३, त्याचा नैसर्गिक लॉग १.०९९. त्याला ८.३१४ ने गुण आणि १/३०३ वजा १/३२३, म्हणजे ०.०००२०४ ने भाग. जवळपास ४५ किलोज्यूल येतात. लॉग दहाच्या पायाचा घेतलास तर २.३०३ ने गुणायला विसरू नकोस.

पण मला खरी कळकळ दुसऱ्याच गोष्टीची आहे. आलेलं उत्तर आपल्याच नोंदींना लावून बघायला हवं. ऊर्जा खरोखर ६८५ ज्यूल असती, तर ३० वरून ४० अंशांवर जाताना ४८ सेकंदांतला अर्धा सेकंदही कमी झाला नसता. तुझे तर एकवीस कमी झाले!

‘दहा अंशांना वेग दुप्पट’ हा ठोकताळा खोलीच्या तापमानाजवळ साधारण ५३ किलोज्यूलला लागू पडतो. तुझा वेग दुपटीहून थोडा कमी वाढला, म्हणून ४५ पटतं. सगळ्याच अभिक्रियांना तो लावू नकोस. अऱ्हेनियसने १८८९ मध्ये ज्या अभिक्रियेवरून हे समीकरण मांडलं, ती आम्लात उसाची साखर फुटण्याची. तिची सक्रियण ऊर्जा १०८ किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे दहा अंशांना जवळपास चौपट वेग.

नुसती वेळ चालते. अभिक्रियेत तयार होणारं गंधक द्रावण गढूळ करतं आणि फुली झाकायला दरवेळी ते तेवढंच लागतं, म्हणून १/वेळ हे वेगाच्या प्रमाणात असतं. न कळलेला गुणक १/T समोर वेगाचा लॉग मांडलेल्या आलेखाची रेषा वर-खाली सरकवतो, तिचा उतार बदलत नाही, आणि ऊर्जा उतारावरूनच निघते. मात्र चंचुपात्र, फुली, द्रावणांची मापं तीच हवीत.

तीन बिंदू कमीच. आपल्याकडे एप्रिलात प्रयोगशाळाच चाळिशीला टेकते, तेव्हा दोन्ही द्रावणं वेगवेगळी बर्फाच्या पाण्यात ठेवून १५ आणि २० अंशांच्या नोंदी घे. तापमान मिसळल्यावर वाच. ५० च्या वर जाऊ नकोस, सल्फर डायऑक्साइड घशाला लागतो. खिडक्या उघड्या ठेव.