बोली बंद झाली तेव्हा तुला काय ठाऊक होते?

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतचा कोड, दोन्ही नीट वाचले. उद्याच्या वीजदरांचा अंदाज बांधणारे तुझे न्यूरल नेटवर्क चाचणीच्या वर्षात साध्या रेषीय प्रतिगमनाच्या (आकड्यांत सरळ रेषेचे नाते धरणाऱ्या पद्धतीच्या) निम्मीदेखील चूक करत नाही. पण तेच नेटवर्क गेले सहा आठवडे रोज प्रत्यक्ष चालवून पाहिले, तर गेल्या आठवड्यातील त्याच तासाचा दर उचलून देणाऱ्या भाबड्या अंदाजापुढेही ते हरते. आता नेटवर्क आणखी खोल करावे, सांख्यिकी पद्धतींकडे परतावे, की चाचणीच्या वर्षाचे आकडे आहेत तसे लेखात द्यावेत, असे तू विचारतोस. तिन्ही प्रश्न मॉडेलविषयी आहेत, आणि तुझ्या मॉडेलकडे पाहण्याची वेळ अजून आलेलीच नाही. आधी मला एवढेच सांग, की बोली बंद झाली त्या क्षणी तुला काय ठाऊक होते?

तू युरोपच्या डे-अहेड बाजारावर, म्हणजे उद्याची वीज आजच लिलावात विकणाऱ्या बाजारावर, काम करतोस, म्हणून तिथलेच उदाहरण घेते. तिथे बोली दुपारी १२ वाजता बंद होते आणि मग दुसऱ्या दिवसाचे सगळे दर एकदमच जाहीर होतात. पूर्वी ते २४ असत. १ ऑक्टोबर २०२५ पासून १५ मिनिटांचे भाग आले आणि ते ९६ झाले, तरी ठरतात एकाच लिलावात. तुझ्या कोडमध्ये मात्र सकाळी १० चा दर काढताना सकाळी ९ चा खरा दर आदान (इनपुट) म्हणून घेतला आहे. बोली लावणाऱ्याला हे दोन्ही दर एकाच क्षणी कळतात, आणि तोवर त्याची बोली लागून गेलेली असते. आलेखावर दरांची रेघ शेअरच्या भावासारखी एकामागून एक पुढे सरकताना दिसते, म्हणून ही चूक हुशार माणसांकडूनही होते. या बाजारात संपूर्ण दिवस हाच एक सदिश, म्हणजे आकड्यांची एकच अखंड रांग, आहे, आणि अंदाज त्या अख्ख्या सदिशाचा करायचा असतो. सहा आठवड्यांच्या चाचणीत तुझ्यापाशी ९ चा खरा दर नव्हता, म्हणून कोडने तिथे स्वतःचाच अंदाज भरला, त्यावर १० चा, त्यावर ११ चा, आणि चूक साचत गेली. नेटवर्क बिघडलेले नाही. आजवर ते उत्तरपत्रिकेत डोकावून लिहीत होते, एवढेच.

आता आदानांच्या फाइलमधील दोन शेजारचे स्तंभ पाहा: मागणीचा अंदाज, आणि पवन व सौर निर्मितीचा अंदाज. दोन्हींच्या शीर्षकात 'एक दिवस आधीचा' असे लिहिले आहे आणि तू त्यावर विश्वास ठेवलास. युरोपीय संघाच्या ५४३/२०१३ या नियमावलीनुसार मागणीचा अंदाज बोली बंद होण्याच्या किमान दोन तास आधी प्रसिद्ध व्हावा लागतो. पवन आणि सौर निर्मितीच्या अंदाजासाठी मात्र आदल्या दिवशीच्या संध्याकाळी ६ पर्यंत मुदत आहे. म्हणजे पहिला स्तंभ १२ वाजता हाताशी असायला हवा, आणि दुसरा बोली बंद झाल्यावर सहा तासांनी आला तरी नियम मोडत नाही. तो खरोखर केव्हा आला हे तू तपासले आहेस का? तिसऱ्या स्तंभाविषयी तर मी विचारतही नाही, कारण तिथे तू प्रत्यक्ष मोजलेले तापमान घातले आहेस. हवामानाच्या अंदाजाऐवजी प्रत्यक्ष तापमान देऊन मागणी आणि तापमानाचा संबंध समजून घेणे हे रास्त संशोधन आहे, फक्त त्याला पूर्वानुमान म्हणू नये.

हे सगळे मी इतक्या तावातावाने का लिहिते आहे, ते सांगते. तुझ्याच वयात मी मागणीच्या अंदाजावर एक लेख लिहिला होता आणि त्यात नेमके हेच केले होते. निकाल देखणे होते आणि लेखाचे कौतुक झाले. काही महिन्यांनी एका अनोळखी वाचकाचे दोन ओळींचे पत्र आले: 'हे तापमान तुम्हाला आदल्या दिवशी कुठून मिळाले?' मी त्याला उत्तर पाठवले, की क्षेत्रात अशीच पद्धत आहे. पद्धत खरोखर तशीच होती, पण ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. दुरुस्ती प्रसिद्ध करायला मला तीन वर्षे लागली, आणि त्या तीन वर्षांत एका विद्यार्थिनीने माझ्या आकड्यांना हरवण्याच्या खटपटीत आपला सगळा उमेदीचा काळ घालवला. तिचे काम चोख होते. जे आकडे प्रामाणिकपणे गाठताच येत नाहीत, त्यांच्याशी तिची स्पर्धा लावली गेली होती. मी तिची क्षमा मागितली, तिने मोठ्या मनाने 'असू द्या' म्हटले, आणि संशोधन सोडून दिले.

तेव्हापासून कोणत्याही लेखावर सही करण्याआधी मी हा एकच प्रश्न विचारते, आणि त्यापायी मी आडमुठी ठरले आहे. एका मोठ्या प्रकल्पातून मला बाजूला केले गेले, कारण अहवाल तयार असताना मी प्रत्येक आदानाची वेळ मागत बसले. तो अहवाल मी अडवला, असे आजही म्हटले जाते. मी तो अडवला नाही; मी फक्त विचारले, आणि उत्तर कोणापाशी नव्हते. असो, हे तुला सांगण्याचे कारण नव्हते.

स्मार्ट मीटरच्या डेटाविषयी तू एका ओळीत 'साफ करून घेतला' असे लिहिले आहेस, आणि मला सर्वांत जास्त भीती त्या ओळीची वाटते. तो कोणी, केव्हा आणि कशाने साफ केला? मीटरचे वाचन हरवले की कंपनीची यंत्रणा ती जागा नंतर अंदाजाने भरते, आणि पुष्कळदा पोकळीच्या आधीच्या व नंतरच्या वाचनांना जोडून भरते. बिलासाठी ते योग्यच आहे. पण त्या भरलेल्या आकड्यात पोकळीनंतरचा काळ मिसळलेला असतो, आणि तुझे मॉडेल तो भूतकाळ समजून वाचते. १०:०० ही नोंद अंतराची सुरुवात दाखवते की शेवट, हे तीन ठिकाणच्या फाइलींत तीन तऱ्हांनी असू शकते. तिथे अर्ध्या तासाची चूक झाली, तर उद्याचा अर्धा तास आज तुझ्या हातात येतो. घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांत वर्षातील एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो, हे तुला माहीत असेलच. तुझ्या कोडला माहीत नाही. शिवाय मीटरचे आकडे पुढे अनेक आठवडे सुधारले जातात. आज उतरवून घेतलेली गेल्या मार्चची फाइल ही गेल्या मार्चमध्ये कोणापाशी असलेली फाइल नव्हे.

टोकाची मूल्ये काढून टाकलीस, तेही याच जातीचे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये नियामकाच्या आदेशाने दर कित्येक दिवस मेगावॉट-तासाला ९००० डॉलर या कमाल मर्यादेवर राहिला. ते दिवस अपवादात्मक होते, हे कळायला ते उलटावे लागले. ते वगळून काढलेली सरासरी चूक ही आधी कळले असते तर किती चुकलो असतो, याची सरासरी होय. जर्मनीच्या डे-अहेड बाजारात २००८ पासून ऋण, म्हणजे शून्याखालचे, दर येऊ शकतात, म्हणून लॉगॅरिदम चालत नाही हे खरे, पण त्यावर उपाय ऋण ओळी पुसणे हा नाही. व्यस्त हायपरबोलिक साइनचे रूपांतर कर, ते लॉगॅरिदमसारखेच मोठे आकडे दाबते आणि ऋण आकड्यांनाही चालते. आणि दर शून्याजवळ जातात तिथे टक्केवारीतील चूक सांगू नकोस, तिला काही अर्थ उरत नाही.

क्षेत्राला हे उमगायलाही वेळ लागला, त्यामुळे तुझ्यावर फार रागावण्याचा मला अधिकार नाही. २०१२ च्या जागतिक ऊर्जा पूर्वानुमान स्पर्धेत मागणीच्या मालिकेतील आठ आठवडे मधूनच काढून घेतले होते आणि ते भरायला सांगितले होते. पोकळीनंतरचे आकडे स्पर्धकांच्या हाती होते. २०१४ च्या स्पर्धेत डेटा हप्त्याहप्त्याने दिला गेला आणि प्रत्येक वेळी पुढच्या काळासाठी ९९ क्वांटाइल (खरा आकडा ज्याच्या खाली राहण्याची शक्यता १, २, ... ९९ टक्के आहे, असे ९९ आकडे) मागितले गेले. २०२१ साली लागो या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच बाजारांवर, प्रत्येकी दोन वर्षांच्या चाचणीने, खोल न्यूरल नेटवर्क आणि लॅसोने (बिनमहत्त्वाची आदाने गाळणाऱ्या पद्धतीने) आवळलेले रेषीय प्रतिगमन यांची तुलना प्रसिद्ध केली. नेटवर्क पुढे होते, पण थोडेसे. तुला चूक निम्म्याखाली आलेली दिसली, तेव्हा आनंद होण्याआधी शंका यायला हवी होती. यायला हवी होती म्हणते खरी, मला तरी कुठे आली होती?

म्हणून आता असे कर. आदानांच्या प्रत्येक स्तंभाशेजारी आणखी एक स्तंभ घाल आणि त्यात तो आकडा प्रथम कधी उपलब्ध झाला ती तारीख व वेळ लिही. जिथे वेळ सापडणार नाही, तिथे तो आकडा १२ नंतर आला असे धर. आदाने एका मापात आणण्यासाठीचे माध्य (सरासरी) आणि प्रमाण विचलनही (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) फक्त त्या दिवसापर्यंतच्या आकड्यांवरून काढ, आणि दिवसाचे सगळे दर एकत्र वर्तव. यातून निघणारी चूक बहुधा त्या सहा आठवड्यांच्या चुकीच्या आसपास येईल आणि तुला वाईट वाटेल. सहा आठवड्यांचे आकडे लेखातून गाळू नकोस. तुझ्या साऱ्या कामात निखळ पूर्वानुमान तेवढेच आहे.

निकाल पाठवण्याची घाई नाही, तो वेळेचा स्तंभ भरला की आधी फाइल पाठव. तुझे मार्गदर्शक उशिराचे कारण विचारतील तेव्हा माझे नाव सांग. त्यांच्या लेखी मी आधीपासूनच आडमुठी आहे, त्यात आणखी भर पडल्याने माझे काही बिघडत नाही.