समुद्रातील वीज आणि डोलीचे खुंट

प्रश्न : आमचे कुटुंब पालघरच्या किनाऱ्यावर तीन पिढ्या डोल जाळ्याने, म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याने, मासेमारी करत आहे. उद्या समुद्रात वाऱ्यावर किंवा लाटांवर चालणारे वीजप्रकल्प आले, तर त्यांना परवानगी कोण देणार आणि आमच्या खुंटांच्या जागेचे काय होणार?

उत्तर : परवानगी केंद्र सरकारची लागेल. 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्याने 200 सागरी मैलांपर्यंतच्या विशेष आर्थिक क्षेत्रात भरती-ओहोटी, वारे आणि प्रवाह यांपासून ऊर्जा निर्माण करण्याचे हक्क केंद्राकडे ठेवले आहेत. समुद्रातील पवनचक्क्यांसाठी 2023 मध्ये भाडेपट्ट्याचे नियमही झाले, मात्र ते पवनऊर्जेपुरतेच आहेत. किनाऱ्यापासून पहिल्या 12 सागरी मैलांत सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांखाली मंजुरीही लागते.

आपली खरी काळजी खुंटांची आहे आणि ती रास्त आहे. त्याच 1976 च्या कायद्यात, आर्थिक क्षेत्रातील परवान्याची अट भारतीय नागरिकाच्या मासेमारीला लागू होणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. 12 मैलांच्या आतील मासेमारी हा तर राज्याचाच विषय असून तिथे महाराष्ट्राचा 1981 चा सागरी मासेमारी कायदा चालतो. परंतु मासे धरण्याची मुभा असणे वेगळे आणि ठरावीक जागेवर हक्क असणे वेगळे. कोणता खुंट कोणाचा, हे गावात सर्वांना ठाऊक असते. त्याचा सातबारा मात्र नसतो. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार अशा बांधकामाभोवती 500 मीटरपर्यंत सुरक्षा क्षेत्र आखता येते, आणि एका जागी रोवलेल्या जाळ्याला तेवढे अंतरही उठवायला पुरेसे आहे.

भरपाईच्या बाबतीत कायदा अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबांच्या व्याख्येत मच्छीमारांचा उल्लेख आहे खरा, पण उपजीविकेवरचा परिणाम जमिनीच्या संपादनामुळे झालेला असावा लागतो. समुद्राचा पट्टा भाड्याने दिला तर ही व्याख्या सहज लागू पडत नाही.

म्हणून सीआरझेडच्या नियमांखाली तयार होणाऱ्या किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा आत्ताच पाहून घ्यावा. त्यात मासेमारीची क्षेत्रे दाखवणे अपेक्षित असते आणि आराखड्याच्या मसुद्यावर जनसुनावणीही होते. आपली जागा त्यात नसेल, तर खुंटांचे अक्षांश-रेखांश, नौकेची नोंदणी आणि मच्छीमार सोसायटीच्या जुन्या नोंदी जोडून सोसायटीच्या ठरावासह लेखी हरकत द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी.