16 फुटी फायबर बोटीला 15 एचपीची दोन इंजिनं बसवू की 30 एचपीचं एकच?

राहायला मी जुळे सोलापुरात, पण सल्ला जुळ्याच्या विरुद्धच देणार. एकच घ्या.

तुम्ही लिहिलंय की उजनीच्या बॅकवॉटरला करमाळ्याच्या बाजूने बोट चालवायची आहे, माणसं चार-पाच, आणि एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून दोन हवीत. भीती रास्त आहे. मे 2024 मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान बोट वादळात उलटून सहा जण गेले, तेव्हापासून आमच्याकडची माणसं बोटीत पाय ठेवायच्या आधी आभाळ बघतात. पण ते वाऱ्याचं काम होतं. त्यावर उपाय लाइफ जॅकेट आणि दुपारनंतर ढग दिसले की न निघणं, दुसरं इंजिन नव्हे.

माझं इंजिन भर पाण्यात बंद पडलं ते पेट्रोलमुळे. टाकी महिनाभर अर्धी भरून तशीच ठेवली होती. हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल हवेतली ओल ओढतं, पाणी जास्त झालं की ते तळाशी बसतं. कार्ब्युरेटरची वाटी सोडली तर तळाला पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे लोळत होते. मेव्हणा आणि मी पाऊण तास वल्ही मारली. आता सांगा, तिथे दोन इंजिनं असती तर? टाकी एकच, म्हणजे दोन्ही गप्प.

वजनाचं गणितही बघा. टू-स्ट्रोक 15 एचपी साधारण 35 किलोच्या पुढे भरतं, दोन म्हणजे सत्तरच्या वर. 30 एचपीचं एकच पन्नास-पंचावन्नात बसतं. सोळा फुटी बोटीच्या मागच्या फळीवर हा फरक लगेच कळतो, बूड खाली बसतं. शिवाय पाण्यात इंजिनांचे दोन पाय, दोन पंखे, म्हणजे ओढ जास्त. प्लग, इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा रबरी पंखा), गिअर ऑइल सगळं डबल. आणि एक बंद पडलं की उरलेल्या 15 एचपीवर भरलेली बोट पाण्यावर उचलत नाही, त्यातून ती एका अंगाला ओढते. घरी पोचाल, पण रांगत.

मालवणला समुद्रात लांब जाणार असाल, बोट पंचवीस फुटी असेल, तर दोन घ्या म्हणेन. प्रत्येकाला वेगळी टाकी आणि वेगळी बॅटरी मात्र हवी.

उजनीसाठी 30 एचपीचं एक, आणि जमलं तर बाजूच्या ब्रॅकेटवर अंगचीच टाकी असलेलं 4-5 एचपीचं छोटं. बोट बनवणाऱ्याने दिलेली कमाल एचपी आधी विचारा. दोन वल्ही आणि धारदार चाकू कायम बोटीत. पंख्यात जाळं अडकतंच. जलपर्णीतून गेलात की इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार बघायची, ती बारीक झाली की लगेच बंद करून शेवाळ काढायचं, नाहीतर इंजिन तापून जाम.

खरेदीला जाताना मागच्या फळीची उंची मोजून न्या. 15 इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड पायाचं इंजिन, 20 असेल तर लाँग. मेव्हण्याने न मोजता लाँग आणलं होतं. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली उतरलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या पंख्याने कुणाच्या तरी जुन्या बांधाचे दगड मोजले.