बर्डी, ईगल आणि अटलांटिक सिटीचे गोल्फ मैदान

प्रश्न असा आहे : गोल्फच्या बातम्यांत एखाद्या खेळाडूने ‘चार बर्डी आणि एक ईगल’ केल्याचे वाचायला मिळते, तर या खेळाचा पक्ष्यांशी संबंध काय, आणि ‘बर्डी’ हा शब्द मराठीत कोणत्या लिंगात व वचनात चालवावा?

गोल्फमध्ये प्रत्येक होलसाठी, म्हणजे चेंडू ठरावीक खळग्यात घालण्यासाठी, अपेक्षित फटक्यांची संख्या ठरलेली असते, तिला ‘पार’ म्हणतात. त्याहून एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल. चेंडू पाखरासारखा उडतो म्हणून हे नाव पडले, असे उत्तर सर्रास दिले जाते. ते सोयीचे असले तरी बरोबर नाही, कारण वाईट फटक्याचा चेंडूही तितकाच उडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन बोलीत झकास, एक नंबर अशा कोणत्याही गोष्टीला ‘बर्ड’ म्हणत असत, आणि ‘बर्डी’ची व्युत्पत्ती याच अर्थाकडे जाते.

शब्दाचे जन्मस्थान म्हणून न्यू जर्सी राज्यातील नॉर्थफील्ड येथील ‘अटलांटिक सिटी कंट्री क्लब’च्या मैदानाचे नाव घेतले जाते. अटलांटिक सिटी या समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीच्या गावातील हॉटेलमालकांनी आपल्या पाहुण्यांसाठी १८९७ साली हा क्लब काढला. गावाकडे परतणारी शेवटची ट्रॅम सुटण्यापूर्वी खेळाडूंना कळावे म्हणून तेथे घंटा वाजवली जात असे. याच मैदानावर अॅब स्मिथ, त्याचा भाऊ विल्यम आणि जॉर्ज क्रम्प हे तिघे पैसे लावून खेळत होते. १९३६ साली छापून आलेल्या स्मिथच्या आठवणीनुसार, चार फटक्यांचा पार असलेल्या एका होलवर त्याचा दुसरा फटका होलपासून अवघ्या सहा इंचांवर येऊन थांबला. हा फटका ‘बर्ड’ होता, तेव्हा पारपेक्षा एक फटका कमी लागल्यास दुप्पट पैसे मिळावेत, असा प्रस्ताव त्याने तिथल्या तिथे मांडला, उरलेल्या दोघांनी तो मान्य केला, आणि त्यानंतर अशा कामगिरीला ते ‘बर्डी’ म्हणू लागले. थोडक्यात, हा शब्द पक्षीप्रेमातून नव्हे, तर पैजेच्या हिशेबातून आलेला आहे. स्मिथने ही घटना १८९९ च्या सुमाराची सांगितली, तर क्लब १९०३ हे वर्ष मानतो. मला या मतभेदापेक्षा ठिकाण महत्त्वाचे वाटते. हिवाळ्यात गावोगावचे गोल्फपटू येथे खेळायला येत आणि जाताना हा शब्द आपापल्या क्लबांत घेऊन जात. एखाद्या आडवळणाच्या मैदानावर हीच थट्टा झाली असती, तर ती बहुधा तिघांतच राहिली असती.

इंग्लंडपर्यंत मात्र हा शब्द लगेच पोहोचला नव्हता. चार्ल्स डार्विन यांचे नातू बर्नार्ड डार्विन हे गोल्फवर लिहिणारे नामवंत पत्रकार होते. मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइनच्या मैदानावर वीस वर्षांच्या फ्रान्सिस विमेटने ज्या वर्षी हॅरी व्हार्डन आणि टेड रे या ब्रिटिश दिग्गजांना हरवले, त्या १९१३ साली डार्विन अमेरिकेत होते. ‘बर्डी’ म्हणजे काय हे उमगायला इंग्रज प्रेक्षकाला एकदोन दिवस लागतात, अशा आशयाची नोंद त्यांनी त्या वेळी केली.

एकदा बर्डीत पाखरू दिसू लागले, की त्याहून मोठ्या कामगिरीला मोठा पक्षी हवाच, आणि अमेरिकनांना गरुड शोधायला लांब जावे लागले नाही. त्यांच्या राजमुद्रेवर तो १७८२ पासून आहे. पारपेक्षा तीन फटके कमी लागले तर ब्रिटिश त्याला ‘अल्बाट्रॉस’ (एक मोठा समुद्रपक्षी) म्हणतात, अमेरिकन मात्र ‘डबल ईगल’. दोन ईगल मिळून चार फटके व्हायला हवेत, तीन कसे, ही शंका रास्त आहे. माझ्या मते येथे नाण्यांचे नाव कामी आले असावे. १७९२ च्या कायद्याने दहा डॉलरच्या सोन्याच्या नाण्याला ‘ईगल’ हे नाव दिले होते आणि १८५० पासून वापरात आलेले वीस डॉलरचे नाणे ‘डबल ईगल’ होते, म्हणजे हा जोडशब्द लोकांच्या तोंडी आधीच होता. अमेरिकेतील ऑगस्टाच्या गोल्फ मैदानावर पंधराव्या होलवर जीन सॅराझेनने १९३५ साली पाच फटक्यांचे काम दोन फटक्यांत केले आणि ‘डबल ईगल’ गाजले, तेव्हा सोन्याची ही नाणी चलनातून जाऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. वृत्तसंस्थांच्या बातम्यांत दोन्ही शब्द येतात. मराठीत लिहिताना ‘अल्बाट्रॉस’ घेणे बरे, म्हणजे वाचक चाराचा हिशेब करणार नाही.

आता लिंगाविषयी. ‘बॅटरी’, ‘कंपनी’, ‘डिग्री’ यांच्याप्रमाणे ईकारान्त उसना शब्द मराठीत बहुधा स्त्रीलिंगी होतो, म्हणून ‘तिने बर्डी साधली’ हेच योग्य. ‘ईगल’ पुल्लिंगी चालवावा. अनेकवचनात ‘बॅटऱ्या’, ‘कंपन्या’ होतात, त्या नियमाने ‘बर्ड्या’ व्हायला हवे, परंतु शब्द रोजच्या तोंडात रुळल्यावाचून असे रूप टिकत नाही. तूर्त ‘चार बर्डी साधल्या’ असे क्रियापदातूनच अनेकवचन दाखवणे पुरेसे आहे. पारपेक्षा एक फटका जास्त लागला तर होणाऱ्या ‘बोगी’च्या बाबतीत तर मी हा आग्रहच धरेन. १८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये, बागुलबुवावरून थट्टेने पडलेले हे नाव रेल्वेच्या बोगीहून वेगळे आहे, पण आपल्याकडे रेल्वेच्या ‘बोग्या’ इतक्या रुळलेल्या आहेत की ‘शेवटच्या टप्प्यात तीन बोग्या’ हे शीर्षक वाचून वाचक अपघाताची बातमी शोधू लागेल.