पाय बघायचा की रिपोर्ट?

प्रश्न : माझे यजमान ६४ वर्षांचे आहेत. मधुमेह आहे, सिगारेट चालूच आहे. वर्षभर झालं, थोडं चाललं की उजव्या पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो. सीटी अँजिओग्राफीत मांडीतली मुख्य रक्तवाहिनी 'पूर्ण बंद' असल्याचं लिहिलंय. आता व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जनकडे पाठवलंय. यजमान म्हणतात, सर्जनकडे गेलो की तो कापणारच. पाय जाईल का?

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय तेवढाच त्रास असेल तर बहुधा नाही. नुसती चालताना पोटरी दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पाय जात नाही. मात्र मधुमेह आणि सिगारेट एकत्र असली की धोका वाढतो, हेही ऐकून ठेवा.

'पूर्ण बंद' वाचून घाबरलेली माणसं माझ्यासमोर रोज बसतात. पायात धमक असते, चेहऱ्यावर नसते! मांडीतली मोठी वाहिनी सावकाश बंद होत जाते, तेव्हा आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावून काम अंगावर घेतात. बसल्या जागी तेवढं रक्त पुरतं. चालायला लागलं की स्नायूंची मागणी कितीतरी पटींनी वाढते, तिथे ते कमी पडतं आणि पोटरी दुखते. म्हणून मी फिल्म नंतर बघतो, आधी पाय बघतो.

तेव्हा पहिल्या भेटीला जाताना मोजे काढायची तयारी ठेवा. बोटांच्या बेचक्यांत भेग, नखाशी काळा ठिपका, टाचेला न भरलेली जखम आहे का, हे आधी पाहिलं जातं. मग जांघेत, गुडघ्यामागे, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पावलावर नाडी चाचपतात. त्यानंतर दंडाचं आणि घोट्याचं रक्तदाब मोजणं. घोट्याजवळ जेली लावून पेनासारखं डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, टेकवतात, त्याचा आवाज तुम्हालाही ऐकू येईल. निरोगी वाहिनीचा ठोका खणखणीत आणि तुटक असतो. अडथळ्याच्या पुढचा मंद, घरंगळल्यासारखा. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागलं की एक आकडा मिळतो. तो ०.९ च्या खाली असेल तर आजार आहे, ०.४ च्या खाली गेला तर गंभीर. मधुमेहींमध्ये हा आकडा दगा देतो. वाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या इतक्या कडक होतात की पट्टा त्यांना दाबूच शकत नाही आणि उत्तर १.४ च्याही वर येतं. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो. तुमच्या यजमानांचा घेतलाय का, हे जरूर विचारा.

आणखी एक गोष्ट घरीच बघा. नुसतं उभं राहिल्यावर दुखणं थांबतं, की बसावं किंवा पुढे वाकावं लागतं? बसल्याशिवाय थांबत नसेल तर दोष कमरेच्या मणक्यात असू शकतो, मग रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो.

आता उपचार. सिगारेट बंद, यात मी घासाघीस करत नाही. कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' असलं तरी स्टॅटिनची गोळी, सोबत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक गोळी. कारण पायाच्या वाहिन्या तुंबल्या असतील तर हृदयाच्या आणि मेंदूच्याही सुटलेल्या नसतात. या रुग्णांना पाय गमावण्यापेक्षा हार्ट अटॅकची भीती जास्त असते.

आणि चालणं. पावलाला जखम नसेल आणि हृदयाच्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर आठवड्यातून किमान ३ दिवस, ३० ते ४५ मिनिटं. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा निघायचं. दुखलं म्हणजे पायाचं नुकसान झालं असं नव्हे. किमान ३ महिने नेटाने केलं तर चालण्याचं अंतर वाढतं. सर्जनने चालायला सांगितलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं, त्याला इलाज नाही.

अँजिओप्लास्टी किंवा बायपास केव्हा? एवढं करूनही रोजचं काम अडत असेल तेव्हा. पण रात्री पावलात ठणका लागून पाय पलंगाखाली सोडल्यावरच बरं वाटत असेल, जखम भरत नसेल किंवा बोट काळं पडत असेल, तर चालण्याचा प्रयोग करत बसायचं नाही. त्याच आठवड्यात दाखवायचं. अँजिओप्लास्टीत बहुधा जांघेतून सुई घालून, तेवढाच भाग बधिर करून, फुग्याने वाट मोकळी करतात. बायपासमध्ये शक्यतो रुग्णाचीच शीर वापरून अडथळा ओलांडतात. दोन्ही पुन्हा तुंबू शकतात, सिगारेट चालू असेल तर लवकर.

यजमानांना एक गोष्ट सांगा. १९६४ साली अमेरिकेत ओरेगन राज्यात ८२ वर्षांच्या एका बाईंना पाय कापायचा सल्ला मिळाला होता. त्यांनी साफ नकार दिला. चार्ल्स डॉटर यांनी बारीक नळ्या सरकवून त्यांची मांडीतली अरुंद वाहिनी रुंद केली आणि पाय वाचला. फुग्याची पद्धत नंतर आली. डॉटर सर्जन नव्हते, रेडिओलॉजिस्ट होते, हे आम्हा सर्जन मंडळींना थोडं झोंबतं.

प्रश्न : सासूबाईंच्या पायांवर सूज असते, शिराही फुगल्यात. घट्ट मोजे आणून ठेवलेत. घालू का?

उत्तर : आधी पायाची नाडी तपासून घ्या. फुगलेल्या शिरांना हे मोजे उत्तम, पण धमनीतच रक्त कमी असेल तर तेच मोजे आहे तेवढंही रक्त अडवतात आणि कातडी मरते. उतारवयात दोन्ही आजार एकाच पायात असू शकतात. सूज एकाच पायाला आणि एक-दोन दिवसांत आली असेल, तर मोजे बाजूला ठेवून त्याच दिवशी पायाची डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. आत गुठळी असू शकते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. रात्री त्यांचा पाय गार लागतो म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवते. चालेल ना?

उत्तर : नाही. मधुमेहात पावलाची संवेदना गेलेली असू शकते, मग भाजलेलं कळत नाही आणि ती जखम भरता भरत नाही. सैल, सुती मोजे घाला. पाय नेहमीच थोडा गार असणं वेगळं. एकच पाय अचानक गार, पांढरा पडला, जोरात दुखायला लागला, बोटं हलेनाशी झाली, तर चोळू नका, शेकू नका, सकाळची वाट बघू नका. रक्त पूर्ण अडलं तर स्नायू जेमतेम ६ तास तग धरतात. निघतानाच हॉस्पिटलला फोन करून तिथे व्हॅस्क्युलर सर्जन आहे ना, ते विचारा, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यांना काही खायला-प्यायला देऊ नका.