हिमालयातल्या यतीचा, म्हणजे दंतकथेतल्या हिममानवाचा शोध घेणारे गिर्यारोहक तिथे जाऊन नेमकं काय करतात? त्यातून काही हाती लागलं का?

लागलं. अस्वल.

मी कोल्हापूरचा. हिमालयात दोनदाच गेलोय, पण राधानगरी-दाजीपूरच्या रानात पंधरा वर्षं ठसे बघत फिरतोय, म्हणून लिहायचं धाडस करतो.

या विषयात मला सगळ्यात मोठा माणूस वाटतो तो राइनहोल्ड मेसनर. आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं सर्वांत आधी पुरी केलेला गिर्यारोहक. १९८६ साली पूर्व तिबेटात अंधार पडायच्या वेळी त्यांना दोन पायांवर उभा असलेला एक धिप्पाड, काळपट प्राणी दिसला. पुढची बारा वर्षं ते गावोगाव फिरले, लोक कशाला काय म्हणतात ते विचारत राहिले. तिबेटी लोक ज्याला 'चेमो' म्हणतात ते तिथलं तपकिरी अस्वल, आणि यतीच्या गोष्टी त्याच्यावरूनच निघाल्या, असं शेवटी त्यांनी जाहीर केलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असताना हे कबूल करायला फार मोठं मन लागतं.

पण अस्वलाचा ठसा माणसासारखा दिसेलच कसा? मलाही पटत नव्हतं. गेल्या वर्षी मे महिन्यात वळीव पडून गेल्यावर दाजीपूरच्या वाटेवर लाल चिखलात एक पाऊल दिसलं. टाच, तळवा, पाच बोटं. दहा-बारा वर्षांचं पोर अनवाणी गेलंय असंच वाटलं. सोबतचे धनगरवाड्यावरचे मामा वाकले आणि म्हणाले, "पोर न्हवं, अस्वल हाय. आंगठा बघ की कुठल्या अंगाला हाय त्यो." खरंच, मोठं बोट बाहेरच्या बाजूला होतं. आपलं असतं आतल्या बाजूला. मी गुडघ्यावर बसून स्वतःच्या पायाशी ताडून पाहिलं, अंगावर काटा आला.

त्यात चालताना अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर अर्धवट पडतो, की दोन्ही मिळून एकच लांबलचक पाऊल दिसतं. बर्फात ऊन लागलं की ते आणखी पसरतं. १९५१ साली गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर काढलेला, यतीचं पाऊल म्हणून गाजलेला तो प्रसिद्ध फोटो बघताना हे ध्यानात ठेवा.

२०१७ मध्ये जीवशास्त्रज्ञ शार्लट लिंडक्विस्ट यांच्या चमूने यतीचे म्हणून जपलेले हाड, दात, केस, कातडी असे नऊ नमुने डीएनएसाठी तपासले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा.

तुम्हाला स्वतः करून बघायचं असेल तर वळीव पडून गेल्यावर या, परवानगी काढून, वाटाड्या घेऊनच. ठशाशेजारी पट्टी ठेवून बरोब्बर वरून फोटो काढा, मागचे-पुढचे ठसेही घ्या, जमीन ओली होती की कोरडी ते लिहा. प्राण्याचं नाव वहीत सगळ्यात शेवटी लिहायचं. आणि शेजारी वारूळ ताजं उकरलेलं दिसलं, तर फोटो राहू द्या आणि आल्या वाटेने मागे फिरा. अस्वल जवळच असू शकतं.