वाचकांचे प्रश्न: गाठ चौकात नाही, चौकाच्या आधी आहे

प्रश्न: निन्टेन्डो स्विचवर (हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचं मशिन) ‘सिटीज: स्कायलाइन्स’ हा शहर वसवायचा गेम खेळतो. वस्ती वाढली की हायवेवरून शहरात शिरायच्या चौकात ट्रकांची रांग लागते. रस्ता आधी चार लेनचा केला, मग सहा लेनचा, रांग तेवढीच. आता कचरा उचलला जात नाही, लोक आजारी पडतायत, घरं रिकामी होतायत. कॉम्प्युटरवर खेळणारे मित्र म्हणतात, मॉड (खेळाडूंनीच बनवलेली, खेळात बदल करणारी जोडणी) टाक. स्विचवर तर मॉड चालत नाहीत. सगळं मोडून नव्यानं सुरू करू का?
– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर: मोडू नका. आधी गेम पॉज करा. पॉजमध्येही रस्ते टाकता येतात आणि पाडता येतात. या खेळातली महत्त्वाची कामं मी वेळ थांबवूनच करते.

कचरा, आजार आणि रिकामी घरं हे तीन वेगळे प्रश्न धरू नका. कचऱ्याची गाडी, ॲम्ब्युलन्स, शववाहिका, सगळ्या त्याच रांगेत उभ्या आहेत. रांग सुटली की यातलं बरंचसं आपोआप सुटेल. आजाराचं मूळ पाण्यातही असू शकतं, त्याचं पुढे सांगते.

या खेळात गाडी निघतानाच आपली वाट ठरवते, कमीत कमी वेळाची. पुढे कोंडी आहे म्हणून ती वाट बदलत नाही. शिवाय पुढे ज्या बाजूला वळायचं, त्या बाजूची लेन ती खूप आधीपासून धरून ठेवते. चौकावर झूम करून बघा: सहा लेनपैकी एकीत ट्रकांची माळ लागलेली आणि बाकीच्या मोकळ्या. रुंदी वाढवून उपयोग झाला नाही तो यामुळे. सगळ्यांना एकाच चौकातून जावं लागतं, ही खरी अडचण आहे.

तुम्ही बावड्याचे, तुम्हाला हे जास्त समजवायला नको. पुराच्या पाण्यानं शिये-बावडा रस्ता बंद झाला की ती सगळी वाहनं दुसऱ्या वाटांवर जातात आणि तावडे हॉटेलपासून ताराराणी चौकापर्यंत काय होतं, हे तुम्ही पाहिलेलं असेल. तिथला रस्ता त्या दिवशी अरुंद झालेला नसतो. शहराचं एक दार मिटलेलं असतं. तुमच्या नकाशावर सुरुवातीपासून एकच दार आहे. हायवेला दुसरा जोड द्या, पहिल्यापासून बऱ्यापैकी लांब, आणि तो घरांच्या वस्तीत न सोडता कारखान्यांच्या भागात सोडा.

कारखाने हायवेच्या अंगाला हलवा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी बघा, दोन्ही महामार्गाला लागून. फाउंड्रीत येणारा कच्चा माल आणि बाहेर जाणारं कास्टिंग यांना शहराच्या मधला बिंदू चौक बघायची गरजच पडत नाही. खेळात बहुतेक जण उलटं करतात. कारखान्यांचा पिवळा झोन (म्हणजे नकाशावर रंगवून नेमलेली जागा) शहराच्या पोटात रंगवतात, भोवती घरांचा हिरवा, आणि प्रत्येक ट्रक घरांच्या मधून जातो. झोन पुसून दुसरीकडे रंगवला की जुने कारखाने पडतात आणि नव्या जागी उभे राहतात. थोडे दिवस उत्पन्न खाली येईल, तेवढं सोसा.

मालगाडीचं टर्मिनल मिळालं असेल तर ते आजच लावा. यात आपल्याच शहराचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, ती स्टेशनला लागून. माल जिथून बाहेर जाणार, तिथंच बाजार. पुढे १९१७ साली वडिलांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं, तेही रेल्वेमार्गावर, सरळ रस्त्यांचं आणि नंबरच्या गल्ल्यांचं. मी पॉलिटेक्निकला सर्व्हेइंग शिकवत असताना मुलांना पहिला नकाशा जयसिंगपूरचाच दाखवायची. तुम्हीही एखाद्या रविवारी पॅसेंजरनं जाऊन तिथल्या गल्ल्यांतून फिरून या. गल्ली मोठ्या रस्त्याला कुठं मिळते ते नीट बघा. तुमच्या शहरात प्रत्येक गल्ली थेट मुख्य रस्त्याला जोडलेली असणार, म्हणून पावला-पावलावर चौक आणि प्रत्येक चौकात सिग्नल. गल्ल्या आधी मधल्या रस्त्याला जोडा आणि तो मधला रस्ता मुख्य रस्त्याला एकाच ठिकाणी मिळू द्या. जिथं चार मोठे रस्ते एकत्र येतात, तिथं एकेरी रस्त्याचं गोल सर्कल करा. एवढं केलंत तर मॉडची आठवणही येणार नाही.

आता पाणी. या खेळात नदीचं पाणी खरोखर वाहतं आणि प्रवाहाची दिशा दिसते. पाणी उपसायचा पंप वरच्या अंगाला आणि सांडपाण्याचं तोंड खालच्या अंगाला, हे तुम्ही केलंही असेल. पण दोन्ही जवळजवळ असतील आणि पंप जास्त असतील, तर पंपाच्या ओढीनं तिथला प्रवाह उलटा फिरतो आणि घाण पंपात येते. मग सगळं शहर एकदम आजारी. अंतर वाढवा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र मिळालं की जुनी तोंडं पाडून तेच बसवा, उत्पन्न कमी असलं तरी.

हे मी आग्रहानं सांगते, कारण इथं खेळ एक गोष्ट लपवतो. घाण नकाशाच्या कडेला गेली की संपली, खालच्या गावाचं काय झालं ते दिसतच नाही. आपल्याकडे शिंगणापूरचा पिण्याच्या पाण्याचा उपसा वर आहे आणि सांडपाणी आणणारा जयंती नाला त्याच्या खाली पंचगंगेला मिळतो, म्हणजे खेळाच्या नियमानं आपलं सगळं बरोबर. पण आपल्या खाली इचलकरंजी आहे, शिरोळ आहे. तिथली माणसं त्याच नदीकाठी राहतात. पंचगंगेचं पाणी खाली जाताना कसं असावं, याची काळजी आपण वरच्यांनी करायची आहे. तुमच्या शहराखाली एखादं गाव आहे असं धरून खेळा.

पुराचंही तसंच. धरण बांधलं तर त्याच्या मागं पाणी चढतं आणि भिंत ठेंगणी पडली तर वस्तीत शिरतं. एरवी नदीकाठ रिकामा दिसतो आणि घरं रंगवायचा मोह होतो. खेळात पूररेषा आखून मिळत नाही, ती तुम्ही आखा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. काठावर बागा ठेवा, मैदानं ठेवा, घरं नकोत.

रिकाम्या घरांचं एक कारण राहिलं. तुम्ही मोठा परिसर एकदम रंगवला असेल, तर तिथं साधारण एकाच वयाची माणसं एकदम राहायला आली आणि म्हातारीही एकदम झाली. मग शववाहिका पुरत नाहीत. झोन थोडा थोडा उघडा, मधे वेळ जाऊ द्या.

प्रश्न: स्विचच्या छोट्या स्क्रीनवर रस्ता नीट टाकता येत नाही, आणि शहर वाढलं की सगळं अडखळत चालतं. मशिन बदलू का?
– एक वाचक, सम्राटनगर

उत्तर: लगेच नको. वळणाचे रस्ते आणि सर्कल टीव्हीला जोडून करा, बजेट आणि बसमार्ग हातात धरून. स्विचच्या आवृत्तीत ‘आफ्टर डार्क’ हा खेळाचा जोडभाग आधीच दिलेला आहे, आणि दिवसाचं आणि रात्रीचं बजेट वेगळं ठेवता येतं. बहुतेक जण त्याकडे बघतही नाहीत.

अडखळण्यावर उपाय म्हणजे शहर अवाढव्य न करणं. छोटी, नीट चालणारी तीन गावं एका नकाशावर ठेवा आणि रेल्वेनं जोडा. मला तर त्यातच जास्त गोडी वाटते. मॉडशिवाय करमतच नसेल, तर स्टीम डेक या हातात धरायच्या मशिनवर कॉम्प्युटरची आवृत्ती चालते. पण त्याच्या किमतीचा विचार घरच्यांशी बोलून करा.

प्रश्न: माझा नववीतला मुलगा सुट्टीत सारखा हाच खेळ खेळतो. म्हणतो, यात मारामारी नाही, शिकायला मिळतं. खरं का?
– एक आई, मंगळवार पेठ

उत्तर: खरं आहे, ताई. या जातीच्या खेळांना १९८९ सालच्या ‘सिमसिटी’पासून वाट मिळाली. त्याचे निर्माते विल राइट आधी हेलिकॉप्टरनं बॉम्ब टाकायचा एक गेम बनवत होते. त्यातली बेटं उद्ध्वस्त करण्यापेक्षा ती रचण्यातच आपल्याला जास्त रस आहे, हे त्यांच्या लक्षात आलं आणि तिथून हा खेळ निघाला.

वेळेची मर्यादा तुम्ही ठरवा, पण एकदा शेजारी बसून त्याला विचारा, तुझ्या शहरातलं सांडपाणी कुठं जातं? तो दाखवेल. मग विचारा, आपल्या गल्लीतलं कुठं जातं? नाही सांगता आलं तर त्याला सायकल काढू द्या आणि गटारीच्या कडेनं नाल्यापर्यंत जाऊन येऊ द्या. आल्यावर कागदावर नकाशा काढायला सांगा. नकाशा झाला की आमच्याकडे पाठवा, मी तो तपासून देईन.